घरी क्वाडकॉप्टर बनवताय? फ्रेमआधी प्रोपेलर ठरवा

क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचं ड्रोन, बनवायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा फ्रेम विकत घेतात. ती डोळ्यांना दिसते, हातात धरता येते आणि बाकीच्या सामानापेक्षा स्वस्त असते. मग त्या फ्रेमला बसतील त्या मोटरी, त्या मोटरींना चालतील ते प्रोपेलर, आणि शेवटी उरलेल्या पैशांत मिळेल ती बॅटरी. असं जमवलेलं क्वाड उडतं, नाही असं नाही. पण चार मिनिटांत बॅटरी संपते, मोटरी तापतात, हवेत ते थरथरत राहतं, आणि दोष नेमका कुठे आहे हे शोधता शोधता उन्हाळ्याची सुट्टी संपून जाते.

माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. आधी एकूण वजन ठरवा, त्यावरून प्रोपेलर, प्रोपेलरवरून मोटर, मोटरवरून ईएससी (मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि बॅटरी. फ्रेम सगळ्यात शेवटी. प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूने ठरवून दिलेली असते, त्यामुळे उलटीकडून सुरुवात केली की प्रत्येक पायरीवर तडजोड करावी लागते.

हे समजावायला एक ठरावीक क्वाड समोर ठेवू: दहा इंची प्रोपेलरचं, संथ, स्थिर, पुढे कधीतरी छोटा कॅमेरा उचलेल असं, बॅटरीसकट साधारण एक किलोचं. इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी मुलं बहुतेक याच आकाराचं बनवतात, आणि शिकायला हाच आकार चांगला आहे.

हवेत थांबायची किंमत

हवेत एका जागी तरंगायचं तर हवा सतत खाली ढकलत राहावी लागते. ती दोन प्रकारे ढकलता येते: थोडी हवा जोरात, किंवा भरपूर हवा सावकाश. उचल दोन्हीत सारखीच मिळू शकते. पण हवेला दिलेला वेग दुप्पट झाला की तिच्यात जाणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून निम्मी हवा दुप्पट वेगाने ढकलली तर उचल तेवढीच राहते आणि ऊर्जा मात्र दुपटीने जाते.

मोठा प्रोपेलर भरपूर हवा सावकाश ढकलतो, लहान प्रोपेलर थोडी हवा जोरात. दहा इंची चार प्रोपेलर मिळून साधारण ०.२ चौरस मीटर हवेवर काम करतात. एक किलोचं क्वाड त्यांच्यावर तरंगत ठेवायला सिद्धांतानुसार ४४ वॉट पुरतात. त्याच एक किलोला पाच इंची चार प्रोपेलर लावले तर क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावर येतं आणि हाच आकडा ८७ वर जातो. प्रत्यक्षात प्रोपेलरची पाती, मोटर, ईएससी हे सगळे आपापला वाटा खातात, त्यामुळे बॅटरीतून याच्या साधारण दुप्पट वीज ओढली जाते. म्हणजे आपल्या दहा इंची क्वाडला तरंगायला ९० ते १०० वॉट लागतील असं धरून चाला.

मग लहान प्रोपेलर वापरतातच कशाला? चपळाईसाठी. क्वाडला सुकाणू नसतं, ते चार मोटरींचा वेग कमीजास्त करूनच वळतं. मोठा, जड प्रोपेलर वेग बदलायला वेळ घेतो, लहान चटकन बदलतो. शर्यतीच्या आणि कसरतीच्या क्वाडला म्हणूनच पाच इंची प्रोपेलर असतात. संथ उडणाऱ्याला ती चपळाई लागत नाही, तेव्हा जमेल तेवढा मोठा प्रोपेलर घ्यावा.

प्रोपेलरवर १०४५ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ व्यास १० इंच आणि पिच ४.५ इंच. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर तत्त्वतः किती पुढे सरकेल ते अंतर. तरंगण्यासाठी कमी पिच बरी, वेगात पुढे जाण्यासाठी जास्त. पात्यांसाठी काच मिसळलेलं नायलॉन चांगलं: ताठ असतं आणि वेगात फारसं वाकत नाही. नुसत्या मऊ प्लास्टिकचे पंखे वेगात वाकतात, त्यांचा कोन बदलतो आणि उचल घसरते. कार्बनचे प्रोपेलर ताठ असतात, पण बोटाला लागले तर चाकूसारखे कापतात. शिकण्याच्या काळात ते नकोत.

मोटर

मोटरचं नावही आकड्यांत असतं. २२१२ म्हणजे आतल्या स्टेटरचा, म्हणजे न फिरणाऱ्या भागाचा, व्यास २२ मिलिमीटर आणि उंची १२ मिलिमीटर. स्टेटर जेवढा मोठा तेवढी पीळ द्यायची ताकद जास्त. दुसरा आकडा केव्हीचा: दर व्होल्टमागे, प्रोपेलर न लावता, मिनिटाला किती फेरे. १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर, म्हणजे ३ सेलच्या बॅटरीवर, मोकळी फिरली तर मिनिटाला ११,१०० फेरे घेईल.

इथे एक चूक सर्रास होते. केव्ही जास्त म्हणजे मोटर जास्त ताकदवान, असं समजून दहा इंची प्रोपेलर २३०० केव्हीच्या मोटरवर चढवतात. चढावर सायकल सगळ्यात जड गियरमध्ये टाकून पॅडल मारण्यासारखं ते आहे. मोटर हव्या त्या वेगाला पोचतच नाही, पोचायच्या धडपडीत भलताच करंट ओढते आणि तापते. मोठ्या प्रोपेलरला कमी केव्ही, लहानाला जास्त, हा साधा नियम. दहा इंचाला ३ सेलच्या बॅटरीवर ९०० ते १००० केव्ही योग्य.

१००० केव्हीची २२१२ मोटर १०४५ प्रोपेलर लावून ३ सेलवर कमाल ८०० ग्रॅमच्या आसपास उचल देते. चार मिळून ३.२ किलो. आपलं वजन एक किलो, म्हणजे तिप्पट ताकद हाताशी. संथ क्वाडला किमान दुप्पट हवीच, कारण तरंगताना मोटरी निम्म्या ताकदीवर चालल्या तरच वाऱ्याचा झोत आल्यावर सावरायला वरची निम्मी शिल्लक राहते. तिप्पट असली की पुढे कॅमेरा लावायलाही जागा राहते. ताकद वजनाच्या दीडपट असेल तर क्वाड उडेल, पण खाली येताना डगमगलं तर सावरणार नाही.

विक्रेत्याने दिलेल्या उचलीच्या तक्त्यातून थोडं वजा करायची सवय ठेवा. समुद्रसपाटीला १५ अंशांवर हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो असते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, आणि एप्रिलच्या दुपारी पारा ३८ वर गेला की तिथली घनता १.०६ च्या आसपास येते. हवाच तेरा टक्के कमी भरल्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत उचलही तेरा टक्के कमी मिळते. पहिलं उड्डाण सकाळी करा म्हणतात त्याला वाऱ्याइतकंच हेही कारण आहे.

आता मोटर बसवतानाची एक बारीक गोष्ट. २२१२ च्या तळाला चार आटे असतात, एम३ स्क्रूचे. त्यांच्या वर लगेच तांब्याच्या तारेची गुंडाळी आहे. फ्रेमची जाडी सोडून स्क्रू मोटरच्या आत तीन-चार मिलिमीटरच जायला हवा. जरा लांब स्क्रू पिळला की त्याचं टोक तारेवरचं इनॅमल खरवडतं, आणि मोटर पहिल्यांदा जोरात फिरली की जळते, बरेचदा ईएससीला बरोबर घेऊन. म्हणून स्क्रू घट्ट केल्यावर मोटर हाताने फिरवून बघा: चुंबकांचे हलके टप्पे जाणवले पाहिजेत, घासल्याचा आवाज नको. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक स्क्रूला आणि दुसरं मोटरच्या तिन्ही वायरींना एकेक करून लावा. कुठेही बीप वाजता कामा नये. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करता मी कुणालाही बॅटरी जोडू देत नाही.

फ्रेमचं साहित्य: मजबुतीपेक्षा ताठपणा

फ्रेम निवडताना पहिला विचार येतो तो मजबुतीचा: पडली तर मोडू नये. पण उडणाऱ्या फ्रेमचं खरं काम ताठ राहणं हे आहे. का, ते समजून घ्यायला हवं.

क्वाडच्या मध्यभागी फ्लाइट कंट्रोलर असतो आणि त्यावर जायरोस्कोप. क्वाड किती वेगाने कलतंय हे तो सेकंदाला हजारांहून जास्त वेळा मोजतो आणि त्यावरून कंट्रोलर मोटरींचा वेग क्षणोक्षणी बदलतो. फ्रेम लवचिक असेल तर मोटरीने लावलेला जोर आधी आर्म, म्हणजे मोटर धरणारा दांडा, वाकवण्यात जातो आणि मग थोड्या उशिराने मध्यभागी पोचतो. कंट्रोलरला वाटतं, सांगितलेलं झालं नाही. तो आणखी जोर लावतो. तोवर आधीचा जोर पोचलेला असतो. आता क्वाड गरजेपेक्षा जास्त कललं, म्हणून तो उलट दिशेला ढकलतो. हवेत दिसणारी थरथर पुष्कळदा हीच असते. लोक तासन्‌तास सॉफ्टवेअरमधले पीआयडीचे आकडे (कलल्यावर किती जोर लावायचा ते ठरवणारे) बदलत बसतात, आणि दोष आर्मच्या साहित्यात असतो.

त्यात कंपनांची भर. तरंगताना दहा इंची प्रोपेलर मिनिटाला पाचेक हजार फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ऐंशीएक. आर्मची स्वतःची हलण्याची गती त्याच्या आसपास आली तर झोका देत राहिल्यावर वाढतो तसं कंपन वाढत जातं. आर्म ताठ आणि हलका असेल तर त्याची गती बरीच वर जाते आणि प्रश्न मिटतो.

हे आकड्यांत पाहू, कारण इथेच खरी निवड आहे. १२ मिलिमीटर चौकोनी पाइनच्या पट्टीचं वजन मीटरला ७० ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच बाहेरच्या मापाचा, एक मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप मीटरला ११९ ग्रॅम भरतो आणि वाकण्याला लाकडाच्या साडेतीन पट विरोध करतो. १६ मिलिमीटरची, एक मिलिमीटर भिंतीची कार्बन फायबरची नळी लाकडाएवढ्याच वजनात चार-पाच पट ताठ असते. आपल्या क्वाडला एकूण मीटरभरापेक्षा कमीच लांबी लागते, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम आणि लाकूड यांत फरक पडतो तो चाळीसएक ग्रॅमचा.

एवढं बघून कार्बनच घ्यावा असं वाटेल. पहिल्या क्वाडसाठी मात्र माझी शिफारस लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची आहे. लाकडात कंपन जिरवायचा गुण उपजतच आहे, अ‍ॅल्युमिनियम कंपन जसंच्या तसं पुढे पाठवतं. लाकूड सुताराकडे उरल्यासुरल्या रिपांतून मिळतं, घरच्या करवतीने कापता येतं, आणि आर्म मोडला तर अर्ध्या तासात नवा तयार होतो. फक्त पट्टी उभी धरून एका डोळ्याने तिची धार बघा: रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत, मध्ये गाठ नको. रेषा तिरप्या होऊन कडेबाहेर जात असतील तिथेच आर्म चिरणार. कोकणात राहत असाल तर पॉलिशचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि वजन वाढतं.

अ‍ॅल्युमिनियमचा दोष वेगळा आहे. आपटल्यावर ते मोडत नाही, वाकतं, आणि कधीकधी डोळ्यांना न दिसण्याइतकंच वाकतं. मग एक मोटर किंचित तिरपी राहते आणि क्वाड सतत एका बाजूला गोल फिरू पाहतं. खिडक्यांची कामं करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे सेक्शनचे तुकडे मिळतात. घेताना भिंतीची जाडी मोजून घ्या, दीड मिलिमीटरचा सेक्शन विनाकारण जड होतो.

कार्बनचा पत्रा घेतलात तर विणीची दिशा बघा. विणलेल्या कार्बनमध्ये धागे उभे-आडवे असतात, आणि ताठपणा धाग्यांच्या दिशेलाच मिळतो. आर्मची लांबी धाग्यांशी समांतर कापायला हवी. ४५ अंशांत कापला तर तोच महागडा पत्रा बराचसा लेचापेचा होतो. जाडीचा परिणामही मोठा आहे: पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ३ ऐवजी ४ मिलिमीटर घेतलं तर वजन एक तृतीयांशाने वाढतं, ताठपणा मात्र २.३ पटींहून जास्त होतो. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून उघडी वायर त्याला टेकता कामा नये, आणि तो रेडिओ लहरी अडवतो, म्हणून अँटेना त्याच्यापासून दूर ठेवावी. कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते. पाणी शिंपडत, चांगला मास्क लावून, घराबाहेर कापा. लहान मुलं असलेल्या घरात तर हे काम नकोच, सीएनसीवाल्याकडून कापून घ्या.

मधल्या प्लेटसाठी दीड-दोन मिलिमीटरची ग्लास इपॉक्सी शीट मला सगळ्यात आवडते. इलेक्ट्रिकल पॅनेलमध्ये इन्सुलेशन म्हणून ती वापरतात, त्यामुळे औद्योगिक भागातल्या दुकानांत सहज मिळते. वीज वाहू देत नाही, ड्रिलला चिरत नाही, स्क्रू घट्ट धरते. अ‍ॅक्रिलिक मात्र घेऊ नका. लेझरने सुबक कापून मिळतं, छान दिसतं, आणि पहिल्याच कडक लँडिंगला स्क्रूच्या भोकापासून तडकतं. पीव्हीसी पाइपही नको, वजनाच्या मानाने तो फारच वाकतो.

थ्रीडी प्रिंटर हाताशी असेल तर पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक कोणत्या भागाला वापरायचं याचा विचार करा. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत एवढं तापमान सहज होतं. मोटरचा माउंट पीएलएचा असेल तर मैदानावर पोचेपर्यंत तो वाकडा झालेला असू शकतो. त्यापेक्षा पीईटीजी हे प्लास्टिक बरं. टीपीयू रबरासारखं लवचिक, ते अँटेना, जीपीएस आणि कॅमेरा धरायला उत्तम, पण आर्मसाठी अजिबात नाही.

बाजारात तयार मिळणारी एफ४५० फ्रेम याच आकाराची आहे: समोरासमोरच्या मोटरींमधलं अंतर ४५० मिलिमीटर, वजन २८२ ग्रॅम, आर्म काच मिसळलेल्या नायलॉनचे. तिच्या खालच्या प्लेटवरच वीज वाटायचे तांब्याचे पट्टे आहेत, त्यामुळे वायरिंग सुटसुटीत होतं. तिच्या नकला खूप निघाल्या आणि त्यांतल्या काहींत साधं प्लास्टिक असतं. आर्म दोन्ही हातांत धरून पिळून बघा. टॉवेल पिळल्यासारखा वळला तर ठेवून द्या.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारच कमी लक्ष जातं: घरगुती फ्रेम बहुतेक वेळा जोडावर हलते, आर्म बिचारा ताठच असतो. आर्म वरच्या आणि खालच्या अशा दोन प्लेटांमध्ये दाबलेला हवा, आणि प्रत्येक आर्मचे दोन स्क्रू एकमेकांपासून शक्य तितके लांब हवेत. दोन भोकं शेजारी शेजारी पाडली तर कितीही आवळा, टोकाला मोटर डुलणारच. नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) घ्या, म्हणजे कंपनाने सैल होत नाहीत.

बॅटरी, आणि जास्त बॅटरीचा मोह

लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरीचा एक सेल नाममात्र ३.७ व्होल्टचा. पूर्ण भरला की ४.२. उडताना ३.५ च्या खाली जाऊ देऊ नये. ३ सेल, २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण २४ वॉट-तास. त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे साडेएकोणीस. ९५-१०० वॉटच्या हिशेबाने अकरा-बारा मिनिटं, वारा आणि वळणं धरून दहाएक मिनिटं. पहिल्या क्वाडने दहा मिनिटं दिली तर जमलं समजा.

मग दुप्पट बॅटरी लावली तर वीस मिनिटं? नाही. तरंगायला लागणारी वीज वजनाच्या दीड घाताने वाढते. २२०० ची बॅटरी साधारण १८० ग्रॅमची. ती दुप्पट केली की क्वाड १,१८० ग्रॅमचं होतं, वीज २८ टक्के जास्त लागते, आणि वेळ जेमतेम दीडपट होतो. बॅटरी चौपट केली तरी वेळ दुपटीच्याच आसपास राहतो, वर क्वाड जड आणि मठ्ठ होतं. वेळ वाढवायचा खरा रस्ता ग्रॅम कमी करण्यातून जातो: लांब वायरी कापा, स्टीलच्या मोठ्या बोल्टऐवजी छोटे वापरा, गरज नसलेले स्टँड काढा.

बॅटरीवरचा सी हा आकडा ती किती करंट देऊ शकते ते सांगतो. २५ सी म्हणजे २.२ गुणिले २५, ५५ अँपिअर. आपल्या चार मोटरी पूर्ण जोरात मिळून पन्नासच्या आसपास ओढतात, तेव्हा २५ सी काठावर पुरतो. छापलेला आकडा बरेचदा फुगवलेला असतो, म्हणून ३५ किंवा ४० सी घेणं शहाणपणाचं. तरंगताना मात्र जेमतेम नऊ अँपिअरच लागतात. म्हणूनच संथ क्वाडवर १८६५० आकाराचे, नळकांड्यासारखे लिथियम-आयन सेलही चालतात. ते तेवढ्याच वजनात जवळजवळ दीडपट ऊर्जा साठवतात, पण झटक्यात जास्त करंट देऊ शकत नाहीत. ३,००० मिलिअँपिअर-तासांच्या सहा चांगल्या सेलांचा पॅक वीस-पंचवीस मिनिटं उडवू शकतो. ही दुसऱ्या टप्प्याची गोष्ट, आधी लायपोवर हात बसू द्या. सेल कधीही सोल्डर करू नका, स्पॉट वेल्डिंगच करून घ्या.

लायपो आठवडाभर पडून राहणार असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. चार्जिंग एक सी ने, म्हणजे या बॅटरीला २.२ अँपिअर, प्रत्येक सेल सारखा भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवर, फरशीवर ठेवून आणि स्वतः जागेवर थांबून. गादीवर नाही, रात्रभर नाही. फुगलेली बॅटरी "अजून थोडी चालेल" म्हणून वापरू नका.

उरलेलं सामान

ईएससी मोटरच्या कमाल करंटपेक्षा वीस-तीस टक्के वरचा घ्या. २२१२ ला २० अँपिअरचा पुरतो, ३० चा निर्धास्त. चारही एकाच बनावटीचे हवेत. आत बीएलहेली-एस किंवा एएम३२ फर्मवेअर (ईएससीच्या आतला प्रोग्राम) असेल तर कंट्रोलरचे आदेश पोचवणारा डीशॉट हा डिजिटल प्रोटोकॉल चालतो आणि कॅलिब्रेशनची कटकट राहत नाही. बॅटरीच्या वायरी जिथे जोडता तिथे ३५ व्होल्टचा, ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर टाका. मोटरींचा वेग झटकन बदलताना उठणाऱ्या व्होल्टेजच्या उसळ्या तो पचवतो. मुख्य वायर सिलिकॉनच्या आवरणाची, १२ किंवा १४ गेजची, कनेक्टर एक्सटी६०. सोल्डरिंगला किमान ६० वॉटचं आयर्न लागतं. २५ वॉटच्या आयर्नने एक्सटी६० वर टाका मारला तर वरून चमकतो, आत धरत नाही. टाका मारताना दुसऱ्या बाजूला जोडीचा कनेक्टर खोचून ठेवा, म्हणजे उष्णतेने प्लास्टिक मऊ पडून पिना वाकड्या होत नाहीत.

फ्लाइट कंट्रोलरबद्दल एक छान इतिहास आहे. घरगुती क्वाडचा छंद २०१० च्या सुमाराला पसरू लागला तो निन्टेन्डो वी या गेम कन्सोलच्या रिमोटला लावायच्या मोशन प्लस या जोडणीतल्या जायरोस्कोपांवर, म्हणून त्या प्रकल्पाचं नाव मल्टीवी. आजचं बीटाफ्लाइट हे कंट्रोलरचं सॉफ्टवेअर त्याच वंशातलं. कसरतीच्या क्वाडला बीटाफ्लाइट, आणि जीपीएसवर एका जागी थांबणारं, घरी परत येणारं क्वाड हवं असेल तर आर्डुपायलट किंवा आयनॅव्ह. आर्डुपायलटसाठी एच७४३ प्रोसेसरचा बोर्ड घ्या. एफ४०५ वर मेमरी कमी पडते आणि काही सोयी गाळाव्या लागतात. बोर्ड रबरी बुशवर बसवा आणि पहिल्या उड्डाणानंतर लॉग, म्हणजे बोर्डाने ठेवलेली नोंद, उघडून कंपनाचा आलेख पाहा: मीटर प्रति सेकंद वर्गात तो ३० च्या खाली राहिला पाहिजे. वर जात असेल तर आधी प्रोपेलर बॅलन्स करा, हलक्या पात्याच्या पाठीला सेलोटेपचा छोटा तुकडा लावून. जीपीएसमध्ये होकायंत्रही असतं, त्यामुळे ते जाड वायरींपासून दहाएक सेंटिमीटर उंच दांडीवर ठेवा आणि तिथे स्टीलचे स्क्रू वापरू नका.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. लांब पल्ल्याची टेलिमेट्री (उडत्या क्वाडकडून माहिती आणणारा रेडिओ) परदेशातून मागवताना ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल स्वस्तात दिसतील, पण भारतात तो पट्टा मोकळा नाही, तिथे मोबाइल सेवा चालते. आपल्याकडे विनापरवाना वापरासाठी ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा छोटा पट्टा दिलेला आहे.

परदेशातून संपूर्ण ड्रोन आणायला, किंवा तेच सुट्या भागांच्या जोडणी-किटच्या रूपात आणायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. मोटर, ईएससी, कंट्रोलर असे वेगवेगळे घटक आणता येतात. किरकोळ सामानासाठी पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेतच. वायर, हीट श्रिंक, एक्सटी६०, नायलॉकचे नट हे हातात घेऊन, बघून घेतलेलं बरं.

वजनाचा कायद्याशीही संबंध आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार बॅटरी आणि सगळ्या सामानासकट २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. आपलं क्वाड मायक्रोमध्ये येतं. व्यवसायासाठी नसेल तर या गटाला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेटही (यंत्राच्या रचनेला मिळणारी सरकारी मान्यता) नको. ओळख क्रमांकाची नोंदणी मात्र करायची असते, आणि उडवण्याआधी सरकारी नकाशावर आपलं मैदान हिरव्या भागात आहे का हे बघायचं असतं. हिरव्या भागात मर्यादा ४०० फुटांची. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, तिथे तर नकाशा हिरवा दिसला तरी आधी चौकशी करा.

सामानाची यादी पक्की करताना प्रोपेलरचे दोन जादा संच, एक जादा मोटर, एक जादा ईएससी आणि आर्मसाठी एक तयार पट्टी त्यात घाला. सगळं आलं की घरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येक वस्तू तोलून आकडे वहीत लिहा. फ्रेम २८०, मोटरी २१०, ईएससी १००, बॅटरी १८०, प्रोपेलर ४५, कंट्रोलर आणि जीपीएस ७५, रिसीव्हर १५, वायरी-स्क्रू ६०: बेरीज ९६५ येते. तुमची बेरीज १,२०० च्या वर गेली असेल तर जोडणी सुरू करण्याआधीच कात्री आणि करवत हातात घ्या. संगणकाला जोडून मोटरींच्या दिशा तपासाल तेव्हा प्रोपेलर काढलेले असू द्या. ते मैदानावर, उडवायच्या अगदी आधी चढवायचे. पहिल्यांदा दोनच मिनिटं गुडघ्याएवढ्या उंचीवर तरंगवा, उतरवा, बॅटरी काढा आणि चारही मोटरींना बोट लावून बघा. बोट टिकत नसेल इतकी मोटर तापली असेल तर आणखी उडवू नका. साध्या निओडिमियम चुंबकांची ताकद ८० अंशांपुढे कायमची कमी होऊ लागते. चारही तापल्या असतील तर प्रोपेलर मोठा आहे किंवा केव्ही जास्त आहे. एकच तापली असेल तर तिचं बेअरिंग, तिचा स्क्रू आणि तिचा आर्म सरळ आहे का, या क्रमाने पाहा.